पांढरी स्कूटर किती वीज पिते

तमाम वऱ्हाडवासीयांस, आणि पोटापाण्यासाठी वऱ्हाडाबाहेर राहण्याची वेळ आलेल्या आमच्या दुर्दैवी बांधवांस, पूर्ण गांभीर्याने कळविण्यात येते की, अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारी एक पांढरी विजेची स्कूटर एका वेळी नेमकी किती वीज पिते, या प्रश्नाचा निकाल लागलेला आहे. निकाल लागण्यास दोन रविवार गेले. तपासात एका भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची अब्रू कामी आली. तो शिक्षक मीच. कोणी उभे राहण्याची गरज नाही, बसूनच वाचावे.

मी अमरावतीत राहतो आणि शिकवणी वर्गात अकरावी-बारावीच्या पोरांना शिकवतो. वीज हा माझा हातखंडा विषय. मी फळ्यावर बल्ब काढला की शेवटच्या बाकावर झोपलेला जागा होतो, अशी ख्याती आहे. ती मीच पसरवली आहे. परिणाम असा की नातेवाइकांत कुणाचा मिक्सर जळाला, कुणाचा पंखा उलटा फिरायला लागला, की फोन मला येतो. मला पक्कड धड धरता येत नाही हे त्यांना माहीत नाही, आणि आपण होऊन सांगावं असा प्रसंग अजून आलेला नाही.

त्या मे महिन्यात फोन आला तो अकोल्याच्या मावशीचा. मावशी सत्तरीची आहे, आणि फोनवर बोलताना मोर्णा नदीच्या या काठावरून त्या काठावर हाक मारावी तशी बोलते. तिनं खुशाली विचारली नाही. एक विजेची गाडी रोज किती लाईट पेते ते सांग, म्हणाली. मी म्हणालो, गाडीवर अवलंबून आहे. ती म्हणाली, गाडी पांढरी हाय.

आता गाडीची पार्श्वभूमी. मावशीचं घर फुलांचं आहे. पहाटे बाजारातून मोगरा, निशिगंध, गुलाब, झेंडू येतात, घरात बसून हार होतात, आणि मावसभाऊ ते घेऊन दुकानावर बसतो. त्याची बायको, म्हणजे मावशीची सून, पातूरच्या कचेरीत लिपिक आहे. सात वर्षं ती काळी-पिवळी जीपमध्ये बसून पातूरला जात होती. बसून हा शब्द मी मोठ्या मनानं वापरतो आहे. जीप भरल्याशिवाय हलायची नाही, आणि भरली म्हणजे किती भरली, हे फक्त ड्रायव्हरला कळायचं. सकाळी वेळेवर पोचणं त्याच्या मर्जीवर, संध्याकाळी घरी येणं दुसऱ्या कुणाच्या. मग यंदाच्या पाडव्याला तिनं स्वतःच्या पगारातून पांढरी स्कूटर घेतली. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मावशीनंच ठेवलं. दीड महिना सगळं गोड होतं.

मग बिल आलं.

ते बिल मी पुढे डोळ्यांनी पाहिलं. मावशीनं ते कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं, वर देवाचं चित्र आणि खाली बिल. नेहमीच्या दुपटीच्याही पुढे गेलेलं. मावशीचा तर्क सरळ होता. घरात नवी वस्तू कोणती आली? गाडी. बिल कधी वाढलं? गाडी आल्यावर. तिनं स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि कमरेच्या बटव्यात टाकली. सून रोज सकाळी ती मागून घ्यायची आणि संध्याकाळी परत द्यायची, लायब्ररीतल्या पुस्तकासारखी. आणि शेजारचे एक निवृत्त एसटी कंडक्टर, ज्यांचा या गाडीवर पहिल्या दिवसापासून डोळा होता, त्यांनी निम्म्या किमतीला ती घ्यायची तयारी दाखवली होती.

थोडक्यात, गाडी विकायची की ठेवायची हे माझ्या उत्तरावर ठरणार होतं. आणि मला उत्तर माहीत नव्हतं.

इथे मला गंमत वाटायला लागली. मी अमरावतीत चौकशी सुरू केली. सध्या आमच्याकडे दर चौथी दुचाकी मांजरासारखी आवाज न करता मागून येते, तेव्हा विचारायला माणसं भरपूर. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ म्हणाले, खर्च नाहीच म्हणा ना. किती नाही, असं विचारल्यावर ते जरा रागावले. एक प्राध्यापक म्हणाले पाच रुपये. त्यांची बायको आतून म्हणाली पंचवीस. विम्याचं काम करणाऱ्या एका ताईंनी मोकळेपणानं सांगितलं की त्यांना कल्पना नाही, कारण त्या रोज संध्याकाळी चहाला माहेरी जातात आणि गाडी तिथेच चार्ज होते. आमच्या वर्गावर रसायनशास्त्र शिकवणारे माझे सहकारी तर जिन्याखाली, पाण्याच्या मशीनच्या बोर्डावर गाडी लावतात. त्यांना विचारलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मला हे विलक्षण वाटलं. हीच माणसं पेट्रोलचा भाव पैशांपर्यंत सांगतात. कारण पंपावर आकडे डोळ्यांदेखत पळतात आणि ते थांबले की खिशात हात जातो. विजेचं तसं नाही. फ्रिजचे एवढे, पंख्याचे एवढे, गाडीचे एवढे, असं बिलावर कुणी लिहून पाठवत नाही. सगळं एकाच पातेल्यात शिजून येतं, आणि मग कोणी किती खाल्लं यावर घराघरांत भांडणं होतात. मी ठरवलं, मोजायचं. मावशीला कळवलं की रविवारी येतो, गाडीची बॅटरी रिकामी करून ठेवा. या वाक्याचा मावसभावाला इतका आनंद झाला की शनिवारी संध्याकाळी तो अख्खं अकोला फिरून आला.

पहिला रविवार. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून मी आठच्या सुमारास मोर्णेचा पूल ओलांडला. अकोल्याचं ऊन मे महिन्यात आपल्या आधी कामावर हजर असतं. मी ओट्यावर उभा राहून प्रयोगाचे नियम जाहीर केले. घरातली विजेची प्रत्येक वस्तू बंद करायची. गाडी तेवढी लावायची. मीटरवरचा आकडा आधी लिहायचा, गाडी पूर्ण भरली की पुन्हा लिहायचा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे गाडीचं पिणं. इतकं सोपं विज्ञान ऐकून कंडक्टरसाहेबांनी मान डोलावली. ते खुर्ची घेऊनच आले होते.

मावशीनं अंमलबजावणी जातीनं केली. गाडीचा गुन्हा शाबीत व्हायचा तर पुरावा स्वच्छ पाहिजे, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. पंखे बंद. फ्रिजची पिन काढली, दूध-दही शेजारी पाठवलं. टीव्ही, मोटर, मिक्सर, मोबाईलचे चार्जर. देवघरातला गव्हाएवढा लाल बल्बसुद्धा तिनं काढला आणि त्या जागी तेलाची पणती लावली. काका, म्हणजे तिचे यजमान, कमी बोलणारे. त्यांनी उशाचा रेडिओ आणून मला दाखवला. तो सेलवर चालतो. मावशीनं तोही बंद करायला लावला.

सून अंगणात गाडीला वायर जोडत होती. मी मदत करतो आहे असं दाखवायला जवळ जाऊन उभा राहिलो. ती हळू आवाजात म्हणाली की दादा, जे निघेल ते खरं सांगा, पण एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते. पातूरहून येताना, अकोला लागायच्या आधी एक रसवंती आहे. सात वर्षं तिच्यासमोरून जीपमधून गेले, कधी उतरता आलं नाही. आता रोज तिथे थांबते. एक गिलास रस, बिनबर्फाचा. वीस मिनिटं बाकावर बसते.

"त्या वीस मिनिटांत मले कोनीच हाक मारत नाही," ती म्हणाली. "हापिसातलंही नाही अन् घरातलंही नाही. बस, तेवढंच हाय. बाकी मंग जीपनंही जाता येते."

एवढं बोलून तिनं बटण दाबलं आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

गाडी भरायला पाच तास लागणार होते. पंख्याशिवाय अकोल्यातले पाच तास ही काय चीज आहे, हे अकोलेकरांना सांगायला नको आणि इतरांना सांगून उपयोग नाही. पहिला अर्धा तास आम्ही ओट्यावर काढला. मग भिंत तापली. मग आतल्या खोलीत गेलो. तिथे काका वर्तमानपत्रानं स्वतःला आणि अधूनमधून मला वारा घालत होते. अकराच्या पुढे मात्र एकेक जण आपोआप मागच्या खोलीकडे सरकला. मागची खोली फुलांची. तिथे जमिनीवर ओल्या कापडांवर निशिगंधाच्या जुड्या निजवलेल्या, टोपल्यांत मोगरा, आणि हवा अशी गार, सुवासिक, की आत पाऊल टाकताच माणसाचा स्वभाव सुधारावा. कंडक्टरसाहेब खुर्चीसकट तिथे आले. मावसभाऊ दुकानावरून जेवायला आला तो तिथेच आडवा झाला. मावशी हार करायला बसली. मधून उठून ती म्हणाली, कूलरले पाजून येते, आणि कोपऱ्यातल्या भल्यामोठ्या लोखंडी कूलरमध्ये तिनं कळशीनं पाणी ओतलं. रोज आठ कळश्या लागतात, तिनं अभिमानानं सांगितलं. पूर्वी फुलांवर ओली पोती टाकत. यंदा हा जुना कूलर कुणाकडून तरी मिळाला, आणि तेव्हापासून निशिगंध दोन दिवस मान टाकत नाही.

कूलरचा आवाज इतका होता की मला विज्ञान ओरडून सांगावं लागत होतं. मी ओरडून सांगितलं की वीज कशी मोजतात, युनिट म्हणजे काय, हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट कसं होतं. केसांवर गार वारा येत होता. मंडळी कौतुकानं ऐकत होती. माझ्या आयुष्यातल्या उत्तम तासांपैकी तो एक होता.

वाचकांना आत्ता जे दिसलं आहे, ते तिथल्या पाच माणसांपैकी एकालाही दिसलं नाही. त्यातल्या एकानं तेवीस वर्षं वीज शिकवलेली होती. मी स्वतःच्या बचावासाठी एवढंच म्हणेन की उन्हाळ्यात वऱ्हाडी माणसाला कूलर ही वस्तू वाटतच नाही. ती हवा असते. तुम्ही एखाद्याला म्हणालात, घरातलं सगळं बंद कर, तर तो काही श्वास बंद करत नाही.

दोनच्या सुमारास गाडी भरली. मी मीटर वाचला, वजाबाकी केली, आणि खरं ते सांगितलं. पाच युनिटं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण शिक्षकाला फळा मिळाला की तो पुसायला तयार नसतो. मी पुढे समजावलं की विजेचा भाव सपाट नसतो. पहिल्या शंभर युनिटांना एक भाव, पुढच्यांना चढा, तीनशेच्या वर आणखी चढा. घर आधीच तीनशेच्या पुढे गेलेलं. गाडी सगळ्यांत शेवटी आली, तेव्हा तिच्या पाचही युनिटांना सगळ्यांत महाग भाव लावला पाहिजे. कंडक्टरसाहेब बोटांवर गुणाकार करू लागले. मावशीच्या चेहऱ्यावर वर्तमानपत्रात फोटो यावा असं तेज आलं.

सून दारात उभी होती. तिनं विचारलं, शेवटची कोण हे कुणी ठरवलं. मी म्हणालो, म्हणजे?

"फ्रिज दिवसभर चालते, पंखे चालतेत. त्यायचं मीटर अन् गाडीचं मीटर एकच हाय न. मंग स्वस्त भाव त्यायले अन् महाग मले, हे कसं? या घरात मी शेवटची आली म्हून माह्या गाडीले शेवटचा भाव लावता काय, दादा?"

मी वहीतला गुणाकार पुन्हा करून पाहिला. हा प्रश्न मी तेव्हापासून बऱ्याच हुशार लोकांना घातला आहे, आणि प्रत्येक जण थोडा वेळ खिडकीबाहेर बघतो. एकाच बिलात स्वस्त युनिटं कुणाची आणि महाग कुणाची? मीटरला ते माहीत नाही. घराला मात्र माहीत असतं. घर ते आधीच ठरवून बसलेलं असतं.

त्या दिवशी निकाल मात्र मावशीच्या बाजूनं लागला. व्यवहार पुढच्या रविवारी दहा वाजता ठरला. दक्षिणा म्हणून मला निशिगंधाचा हार मिळाला. मूर्तिजापूर येईपर्यंत मी तो मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि रसवंतीतल्या बाकाचा विचार टाळत होतो.

गुरुवारी माझ्या शास्त्राचा पाया खचला. वर्ग सुटल्यावर रसायनवाल्या सहकाऱ्यानं मला घरी सोडायचं कबूल केलं. डबा ठेवायला त्यानं गाडीची सीट उचलली. त्याची गाडी आणि मावशीच्या सुनेची गाडी एकच, फक्त रंग निराळा. सीटखाली बॅटरीवर एक चिकटपट्टी होती. तिच्यावर बॅटरीत किती वीज मावते तो आकडा छापला होता. तीन युनिटं.

मी डबा हातात धरून तसाच उभा राहिलो. तीन मावतात. थोडी वीज चार्जर गरम होण्यात जाते हे धरलं तरी साडेतीन. मग पाच कुठून आली? तीन लिटरच्या भांड्यात मी पाच लिटर दूध मोजून, वर हार घालून घेऊन आलो होतो. सहकाऱ्यानं विचारलं, तब्येत बरी आहे ना. मी म्हणालो, तब्येत बरी आहे, डोकं तपासून घ्यावं लागेल.

घरी येऊन सुनेला फोन केला. ती शांतपणे म्हणाली की कंडक्टरसाहेबांनी पैसे काढून आणले आहेत, आणि सोमवारपासून जागा धरून ठेव असं ती जीपवाल्याला उद्या सांगणार आहे. मी म्हणालो, सांगू नका. बॅटरी पुन्हा रिकामी करून ठेवा, रविवारी दहाच्या आत पोचतो.

दुसरा रविवार. मी पोचलो तेव्हा कंडक्टरसाहेब ओट्यावर हजर होते. नोकरीतली जुनी चामड्याची पिशवी त्यांनी गळ्यात घातली होती, आत नोटा. मी सांगितलं की प्रयोगात चूक झालेली असण्याची शक्यता आहे. मावशी म्हणाली, तूच मास्तर, तूच मोजलं, आता तूच म्हनतं चूक. पोट्ट्यायले परीक्षेत असंच करू देतं काय तू? मी हे निमूट ऐकून घेतलं. कारण ती अगदी बरोबर बोलत होती.

या वेळी मी एक बदल केला. सगळं बंद करायचं, आणि गाडीसुद्धा लावायची नाही. घरात विजेवर चालणारं काहीच नाही, अशी अवस्था आणायची आणि मीटरकडे बघायचं. मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज जात असेल तोवर तो लुकलुकतो. काहीच चालू नसेल तर तो थांबला पाहिजे.

पुन्हा तोच सोहळा झाला. फ्रिज, पंखे, टीव्ही, मोटर, देवघरातला बल्ब. काकांनी रेडिओ न सांगता बंद केला. सगळे मीटरखाली गोळा झालो आणि वर बघत राहिलो.

लाल दिवा लुकलुकत होता.

कंडक्टरसाहेब म्हणाले, मीटरच चोर दिसते. मावसभाऊ म्हणाला, शेजाऱ्यांनी आपल्यावर वायर टाकली असेल. मावशीनं सुनेकडे बघितलं. सुनेनं गाडीची सुटी वायर दोन्ही हातांनी वर धरून दाखवली, झडती द्यावी तशी. दिवा आपला लुकलुकतोच आहे. मी म्हणालो, सगळ्यांनी एक मिनिट गप्प राहा. का म्हणालो, ते मला आजही सांगता येणार नाही. सगळे गप्प झाले.

आणि त्या शांततेत घराच्या पोटातून एक आवाज आला. घरघर, सलग, भरदार. तो आवाज दोन महिने त्या घरात रात्रंदिवस चालू होता, म्हणून तो कुणाला ऐकू येत नव्हता. मी आवाजाच्या मागे निघालो, माझ्या मागे मंडळी. मधली खोली, स्वयंपाकघर, मागचं दार. फुलांच्या खोलीत निशिगंध वाऱ्यावर डोलत होता. मोगरा मजेत होता. आणि कोपऱ्यात, आठ कळश्या पाणी प्यालेला तो लोखंडी कूलर आमच्याकडे तोंड करून उभा होता.

सूनबाईंना मी मीटरपाशी उभं राहायला सांगितलं आणि कूलरची पिन ओढली. पंखा मंदावला, थांबला. समोरून, पूर्ण घर ओलांडून, तिचा आवाज आला. थांबला, ती म्हणाली. फक्त एवढंच.

पुढचं सांगायला फार नाही. गाडी एकटी लावली आणि या खेपेला खरोखर सगळं बंद ठेवून मोजली. पाच तास. फुलांच्या खोलीतही आता दम धरवत नव्हता, तरी कंडक्टरसाहेब घाम पुसत शेवटपर्यंत बसून राहिले, कारण पिशवीतल्या नोटा अजून आशेवर होत्या. सव्वातीन युनिटं निघाली. मग गाडी काढून कूलर एकटा लावला, तासभर मोजला, त्याला चोवीसनं गुणलं. गाडी जेवढी दिवसाकाठी पिते त्याच्या दुपटीहून जास्त हा आठ कळश्यांवर जगणारा प्राणी एकटा पीत होता, तोही पातूरला न जाता. आमचा जुना हिशेब आता काय असावा, शेवटचा कोण, महाग भाव कुणाचा, हे मी मांडायला गेलो. पण सुनेनं माझ्याकडे असं बघितलं की मी वही मिटली.

काकांनी उठून खुंटीवरून ओली पोती काढली आणि निशिगंधावर टाकली, पूर्वीसारखी. कूलर आता दुपारपुरता, ते म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं वाक्य होतं, आणि ते निकालासारखं होतं. कंडक्टरसाहेबांनी पिशवीचं बक्कल लावलं.

मावशी मोगऱ्याच्या टोपलीपाशी जाऊन बसली. मग तिनं कमरेचा बटवा सोडला, किल्ली काढली, सुनेला जवळ बोलावलं आणि तिच्या हातावर ठेवली. सुनेनं किल्ली पर्समध्ये टाकली, आणि पर्सची चेन लावली. संध्याकाळी किल्ली परत मागायची प्रथा त्या क्षणी बंद झाली.

सगळं इतक्या शोभेनं संपत होतं. पण कंडक्टरसाहेबांच्या हातची गाडी गेली होती, आणि ते ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. दारात थांबून ते म्हणाले की मावशी, दोन रविवार आमाले उकाड्यात बसवलं, देवाचा बल्ब काढला, काकायचा रेडिओ बंद केला, अन् एवढा मोठा कूलर तेवढा चालू ठेवला, हे काहून?

मावशी उठून उभी राहिली. उठताना तिनं कूलरशेजारची रिकामी कळशी हातात घेतली. तिनं आधी कंडक्टरसाहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, तेवीस वर्षं वीज शिकवणाऱ्या माणसाकडे, आणि तिच्या तोंडून एकदम निघालं:

"तुमी लाईटवरच्या वस्तू बंद करा म्हनलं होतं. कूलर तं पाण्यावर चालते न बाप्पा!"